घसा धरला तर: खान्देशातल्या घरासाठी काही उपाय

खान्देशात घसा धरल्याची पहिली वर्दी बहुधा ठेच्याच्या घासाला मिळते. एरवी निमूटपणे उतरणारा भाकरीचा तुकडा अचानक काट्यासारखा टोचतो, तिखट नेहमीच्या दुप्पट झोंबते आणि दोष रात्री शेतात झालेल्या भरीत-पार्टीला द्यायचा की पहाटेच्या गार वाऱ्याला, यावर घरात चर्चा सुरू होते. ‘मना गया दुखस’ (माझा गळा दुखतो) असे लेकराने म्हटले की माय हळद काढते, आजी सुंठ शोधते आणि घरातला कोणीतरी मेडिकलमधून ‘घशाची गोळी’ आणायला निघतो. यांतल्या पहिल्या दोघींचे फारसे चुकत नाही. तिसऱ्याविषयी मात्र पुढे सविस्तर लिहावे लागेल.

माझी उभी नोकरी वर्गात बोलण्याची. त्यामुळे दुखरा घसा घेऊन दिवस कसा काढायचा, याचा सराव इच्छा नसताना झाला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि वैद्यकशास्त्रही तेच सांगते: साध्या घसादुखीचे दिवस घरगुती उपायांनी फारसे कमी होत नाहीत, ते फक्त सुसह्य होतात. बहुतेक घसे आठवड्याच्या आत आपले आपण बरे होतात. म्हणून घरी करायच्या उपायाने घसा ओला राहिला पाहिजे, वेदना कमी झाली पाहिजे आणि त्या उपायामुळे नवे दुखणे उभे राहता कामा नये. या तिन्ही कसोट्यांना जो उपाय उतरतो तो करावा, मग तो आजीचा असो की डॉक्टरांचा.

आधी घसा पाहावा

उपाय सुरू करण्यापूर्वी घशात डोकवायला दोन मिनिटे पुरतात, पण बहुतेक घरांत हे कोणी करत नाही. दुखणाऱ्याला खिडकीकडे तोंड करून बसवावे, मोबाइलची बॅटरी लावावी आणि मोठा ‘आ’ करायला सांगावे. जीभ वर येत असेल, तर स्वच्छ चमच्याच्या दांड्याने तिचा पुढचा भाग हलकेच खाली दाबावा. फार मागे दाबल्यास उमाळा येतो आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मध्ये लोंबणारी पडजीभ दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना कमानी आणि त्या कमानींच्या आड टॉन्सिल. हे सगळे नुसतेच लालसर असेल, नाक वाहत असेल, खोकला असेल किंवा आवाज बसला असेल, तर ते काम विषाणूचे आहे असे धरून चालायला हरकत नसते. सर्दी-पडशाचे, फ्लूचे आणि कोरोनाचे विषाणू याच वाटेने आत येतात, आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही.

याउलट ताप एकदम चढला आहे, खोकला अजिबात नाही, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे ठिपके दिसत आहेत आणि जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला, गाठी हाताला लागून दुखत आहेत, असे चित्र असेल, तर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. या चार खुणांची मोजणी अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये मांडली आणि डॉक्टर ती आजही वापरतात. तिच्यातही गंमत अशी की, त्या मूळ अभ्यासात चारही खुणा असणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्याच घशात हा जिवाणू सापडला होता. एकूण घसादुखीत मोठ्या माणसांमध्ये याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के, आणि शाळकरी मुलांमध्ये २० ते ३० टक्के असते. म्हणजे पांढरा ठिपका दिसला की लगेच गोळी, हे गणित बरोबर नाही. पण ठिपका दिसूनही घरीच गुळण्या करत बसावे, हेही बरोबर नाही, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार, आणि त्यात जंतूंचा संबंधच नसतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना तासभर धुरात बसणे, वर्षाचा मसाला करताना मिरच्या भाजणे, नंदुरबारकडच्या पथारीवर लाल मिरची वाळवणे किंवा निवडणे, जिनिंगमध्ये कापसाच्या उडत्या तंतूंत दिवसभर उभे राहणे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत धुळीत हिंडून वर आरडाओरडा करणे, यांपैकी कशानेही घसा लाल होतो आणि दुखतो. अशा वेळी ताप नसतो, गाठी नसतात आणि कारण दूर झाले की एक-दोन दिवसांत घसा निवतो. कारण दूर होत नसेल तर मात्र जगातला कोणताही काढा पुरा पडत नाही.

गुळण्या: मीठ किती, पाणी किती

गुळण्या सगळेच करतात, पण नीट करणारा क्वचित भेटतो. कोणी मूठभर मीठ टाकतो आणि आधीच सोललेल्या घशाची आग करून घेतो. कोणी चिमूटभर टाकून नुसते पाणी खळखळवतो. पाव लिटरच्या पेल्याला चहाचा अर्धा चमचा मीठ, म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, हे प्रमाण योग्य आहे. मिसळणाच्या डब्यातला चमचा लहान असतो, त्यामुळे त्याने मोजायचे तर एक सपाट चमचा घ्यावा, आणि चवीची खूण अशी ठेवावी की पाणी डोळ्यांतल्या आसवांपेक्षा किंचित खारट लागले पाहिजे. शरीरातल्या द्रवांत मिठाचे प्रमाण ०.९ टक्के असते आणि आपल्या पेल्यातले त्याहून थोडे जास्त होते. त्यामुळे सुजलेल्या आवरणातले पाणी बाहेर ओढले जाते, सूज जराशी उतरते आणि चिकट कफ सुटतो. मीठ जंतूंना मारून टाकते म्हणून आराम पडतो, असे मात्र नाही.

पाणी पिण्याचेच घ्यावे. ते कोमट असावे, कढत नको; बाळाचे दूध मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहतात तसे पाहावे, आणि तिथे ऊब जाणवली पण चटका बसला नाही, की ते घशाला चालते. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात मिठाचे पाणी करून दिवसभर झाकून ठेवण्याची काही घरांत सवय आहे. मीठ त्या धातूला खाते आणि कळकलेले पाणी तोंडात जाते, म्हणून ते टाळावे.

आता प्रत्यक्ष कृती. घोट मोठा घेऊ नये, तोंड अर्धे भरेल इतकाच घ्यावा. मान मागे टाकावी, जिभेचा मागचा भाग सैल सोडावा आणि नाकाने श्वास घेऊन तोंडाने खालच्या सुरात ‘आऽऽ’ असा आवाज काढावा. पाणी घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन खुळखुळते आहे हे कानांनाच कळते. नुसता गालांत आवाज येत असेल, तर ती चूळ झाली, गुळणी नव्हे. पंधरा-वीस सेकंदांनी थुंकावे आणि पेला संपेपर्यंत पुन्हा करावे. दिवसातून तीन-चार वेळा, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, एवढे पुरे होते. तासातासाला केल्याने घसा लवकर बरा होत नाही, उलट कोरडा पडतो. पाणी गिळू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही, ती पाणी गिळतात किंवा त्यांना ठसका लागतो. त्यांना कोमट पाणी घोटघोट पाजावे.

गुळण्यांविषयीची एक पाहणी मला फार आवडते. २००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३८७ निरोगी माणसांचे तीन गट केले होते: एक गट साध्या पाण्याने रोज गुळण्या करणारा, दुसरा आयोडिनच्या औषधाने आणि तिसरा आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागणारा. दोन महिन्यांत साध्या पाण्याच्या गटात सर्दी-घसादुखीचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा ३६ टक्क्यांनी कमी निघाले, आणि आयोडिनच्या गटाला तसा फायदा दिसला नाही. तेव्हा गुळण्यांसाठी तपकिरी औषधाची बाटली आणलीच पाहिजे, असे नाही; आणि थायरॉईडचा आजार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरूच नये.

मध, हळद आणि काढा

मधाबद्दल मी मोकळेपणाने चांगले बोलेन. तो घशाला चिकटून राहतो, कोरडी खाज शमवतो आणि रात्रीचा खोकला कमी करतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. झोपण्यापूर्वी मोठ्या माणसाने एक-दोन चमचे, मुलाने अर्धा ते एक चमचा चाटावा आणि त्यावर लगेच पाणी पिऊ नये. मधुमेह असेल तर ही साखरच आहे, हे लक्षात ठेवावे.

मात्र एक वर्ष पूर्ण न झालेल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, बोटाने चाटवूही नये. बारशाच्या सुमारास मध चाटवण्याची रीत आपल्याकडे अजून आहे आणि सातपुड्यातला, डोळ्यांदेखत पोळ्यातून काढलेला मध असला की तो शुद्ध आहे म्हणून बाळाला चालेल, असे आजी-मावशी ठामपणे सांगतात. येथे प्रश्न शुद्धतेचा नाही. चांगल्यातल्या चांगल्या मधातही क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. ती घरातल्या उष्णतेने मरत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून असे विष तयार करतात की त्याने स्नायू लुळे पडतात. वर्षानंतर आतडे तयार होते आणि तो धोका राहत नाही.

हळदीच्या दुधाने बरे वाटते, आणि ते प्यावे. त्यातला कुरकुमिन हा घटक आतड्यातून रक्तात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे एका पेल्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. पण कोमट, किंचित साय असलेले दूध सोललेल्या घशावरून उतरते तेव्हा जो दिलासा मिळतो, तो खोटा नसतो. पाव चमचा हळद पुरते. दुधाने कफ वाढतो हा समज बळकट आहे. प्रत्यक्षात दूध लाळेत मिसळून घशात थोडे दाटसर वाटते एवढेच, कफ त्याने जास्त तयार होत नाही.

काढ्याचे सूत्र मी असे ठेवतो: दोन पेले पाण्यात बोटाच्या पेराएवढे आले ठेचून, दहा-बारा तुळशीची पाने, तीन-चार मिरे, दोन लवंगा आणि परसात असेल तर गवती चहाची दोन पाती घालून मंद आचेवर पाणी दीड पेला होईपर्यंत उकळावे, गाळून गूळ घालावा आणि कोमट झाल्यावर चहासारखा घोटघोट प्यावा. लवंगेतल्या तेलाने घसा किंचित बधिर होतो आणि आल्याने ऊब येते. मात्र काढा जितका जहाल तितका गुणकारी, हा समज टाकून द्यावा. कोरोनाच्या काळात मिरे आणि दालचिनी मुठीने घालून दिवसातून चार वेळा काढा पिणाऱ्या किती जणांची छातीत जळजळ सुरू झाली, हे आपण घरोघरी पाहिले. आणि पोटातले आम्ल वर आले की घसाच पुन्हा सोलतो. दिवसाला दोन वेळा पुरे.

ज्येष्ठमधाची काडी चघळणे चांगले. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे जो घसा दुखतो, तो ज्येष्ठमधाच्या गुळण्यांनी कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. परंतु तो रोज आणि जास्त प्रमाणात पोटात गेला की रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते; म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये. अडुळसा हे घशापेक्षा खोकल्याचे औषध आहे. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, यावरून त्याचे वजन कळावे. गरोदरपणी तोही वर्ज्य आहे.

खाणे-पिणे

दोन-चार दिवस शेवभाजी, ठेचा, फौजदारी डाळ आणि चिंचेचे आंबट बाजूला ठेवावे. तिखटाइतकाच त्रास कडक पदार्थांचा होतो. बिबड्याचा किंवा पापडाचा तुकडा सुजलेल्या टॉन्सिलला खरचटत जातो. मऊ खिचडी तुपासह, ज्वारीच्या कण्या, मुगाचे कढण, वरणात किंवा दुधात कुस्करून भिजवलेली दादर ज्वारीची भाकरी हे खरे घशाचे अन्न. आजारी माणसाला भूक नसेल, तर खाण्याचा आग्रह धरू नये; पाण्याचा मात्र धरावा. लघवी फिकट पिवळी होत राहील इतके पाणी पोटात जायला हवे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हा हिशेब सहज चुकतो. गिळताना दुखते म्हणून माणूस पाणी टाळतो, घसा आणखी कोरडा पडतो आणि आणखी दुखतो. हे चक्र दर दहा मिनिटांनी दोन घोट, अशा रीतीने मोडावे.

केळ्याविषयी जळगाव जिल्ह्यात दोन पक्ष आहेत. रावेर-यावलकडे घरात फण्याच्या फण्या पडलेल्या असतात आणि तरीही घसा धरलेल्याला, त्यातून संध्याकाळी, केळे देणे म्हणजे गुन्हा मानला जातो. केळ्याने घशात जंतू येत नाहीत. पूर्ण पिकलेले, मऊ केळे गिळायला सोपे असते आणि दोन दिवस न जेवलेल्या मुलाच्या पोटात त्याने चार घास तरी जातात. खाल्ल्यावर चिकट वाटत असेल तर कोमट पाणी प्यावे.

थंड पदार्थांचेही तसेच. थंडाव्याने वेदना बधिर होते, आणि टॉन्सिल काढल्यानंतर डॉक्टर मुलांना आइस्क्रीम खायला सांगतात ते याचसाठी. गार पाण्याने ज्याला बरे वाटते त्याने गार प्यावे, ज्याला कोमट बरे वाटते त्याने कोमट. येथे घशाचेच ऐकावे. रस्त्यावरच्या बर्फाचा गोळा मात्र वेगळ्या कारणासाठी टाळावा, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला माहीत नसते.

हवा, धूर आणि बोलणे

उन्हाळ्यात सकाळी उठल्याबरोबर घसा दुखतो आणि चहा घेतल्यावर तासाभरात थांबतो, अशी तक्रार असेल, तर कूलरकडे पाहावे. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेत, चेहऱ्यावर कूलरचा झोत घेऊन सहा तास झोपलेल्या माणसाचा घसा सकाळी वाळलेलाच असणार. झोत अंगावरून दुसरीकडे वळवावा, टाकीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकी घासावी आणि कुबट वास येणारी गवताची जाळी बदलावी. हेच दुखणे बारा महिने असेल, सोबत आंबट ढेकर आणि बसलेला आवाज असेल, तर रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे होणे हे कारण असते. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

चुलीवर पऱ्हाट्या जळत असतील तर घसा धरलेल्याने चुलीपुढे बसू नये, आणि ते घरातल्या बाईलाही लागू आहे. चार दिवस दुसऱ्या कोणी भाकरी टाकल्याने घर मोडत नाही. विडी, तंबाखू आणि मशेरी या काळात तरी बंद ठेवावी.

बोलणे कमी करावे, पण कुजबुजू नये. कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती, असे वाटते. अनेकांच्या स्वरतंतूंवर त्याने उलट ताणच येतो. जे बोलायचे ते हळू, पण साध्या आवाजात बोलावे. मी वर्गात अशा दिवशी फळ्यावर लिहून काम भागवत असे, आणि त्या दिवशी वर्ग नेहमीपेक्षा शांत राही, हे कबूल केले पाहिजे.

गोळी कोणती घ्यावी

वेदना आणि ताप यांसाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. निरोगी मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या पुढे कधीही जाऊ नये. यकृताचा आजार असणाऱ्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये, आणि घरात पडून असलेले निमेसुलाइडही देऊ नये. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. पावसाळ्यानंतर गावात डेंग्यूची साथ असेल, तर तापासाठी आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन मोठ्यांनीही टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. चघळायच्या गोळ्या घसा ओला ठेवतात, चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या मात्र त्या घशात अडकू शकतात.

आता मेडिकलकडे निघालेल्याविषयी. ‘घशाची गोळी द्या’ म्हटल्यावर चिठ्ठीशिवाय हातात पडते ती पुष्कळदा तीन दिवसांची प्रतिजैविकाची पट्टी असते. एका हिवाळ्यात मी त्याहूनही वाईट केले. घरात कोणाच्या तरी आजारपणातून उरलेल्या पाच कॅप्सूल होत्या. वाहते नाक आणि बसलेला आवाज घेऊन मी त्यांतल्या तीन घेतल्या. घसा त्याच्या हिशेबाने सहाव्या दिवशी बरा झाला, पण मधले तीन दिवस मी जुलाबांनी घरी बसलो. सगळ्या प्रकारच्या घसादुखी एकत्र धरल्या, तर प्रतिजैविकांनी त्रासाचा काळ सरासरी १६ तासांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. एवढ्यासाठी ती स्वतःच्या मनाने घेण्यात अर्थ नाही.

जिवाणूची घसादुखी असेल तेव्हा मात्र तीच औषधे फार मोलाची ठरतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत उपचार न झालेल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजू शकतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात आणि आपल्या देशात तो अजून संपलेला नाही. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी तो टळतो, म्हणजे तपासणीला पुरेसा वेळ असतो. डॉक्टरांनी १० दिवसांचे औषध दिले, तर तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटला तरी दहाही दिवस पूर्ण करावेत.

हे करू नये

पडजीभ ‘पडली’ म्हणून हळद-मीठ लावलेल्या बोटाने ती वर दाबण्याची पद्धत खेड्यांत अजून आहे. पडजीभ पडत नाही, ती सुजते. बोटाने दाबल्याने आत जखम होते, उलटी होते, आणि मूल त्या वेळी धापा टाकत असेल तर जिवावर बेतते. गळ्यावर बाहेरून हळद-चुन्याचा लेप लावल्याने आतल्या घशाला काही मिळत नाही, मुलांची कोवळी कातडी मात्र भाजते. वाफेने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते, घशाला तिचा विशेष उपयोग नाही. आणि उकळत्या पाण्याचे पातेले मांडीजवळ घेऊन चादरीखाली बसवलेले मूल भाजल्याच्या घटना घडतात. मुलांना तशी वाफ देऊच नये.

दवाखाना कधी गाठावा

श्वास घेताना घरघर होणे, स्वतःची लाळही गिळता न येऊन ती तोंडातून गळणे, तोंड पूर्ण न उघडणे, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज येणे, किंवा एकाच बाजूची सूज वाढत जाऊन पडजीभ दुसरीकडे ढकलली जाणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. घसा पाहताना टॉन्सिलवर ठिपक्यांऐवजी राखाडी, घट्ट चिकटलेला पडदा दिसला तर तो खरवडू नये. तो घटसर्प (डिप्थेरिया) असू शकतो आणि खरवडल्यास रक्त येते. घटसर्पाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग दीड वर्षाच्या सुमारास, पाचव्या-सहाव्या वर्षी आणि पुढे १० व १६ व्या वर्षी मिळते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांत मधल्या मात्रा चुकतात. मुलाचे कार्ड आशाताईंना दाखवून राहिलेल्या मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्याव्यात.

तीन दिवसांत ताप न उतरणे, अंगावर पुरळ येणे, मुलाने दिवसभरात लघवी न करणे किंवा आठवड्यानंतरही दुखणे तसेच राहणे, या कारणांसाठी उशीर न करता डॉक्टरांकडे जावे. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एकाच बाजूचा घसा किंवा त्याच बाजूचा कान तीन आठवडे दुखत असेल, आवाज तितके दिवस बसलेला असेल किंवा मानेत न दुखणारी गाठ लागत असेल, तर त्याने गुळण्या करत दिवस काढू नयेत आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आरशाने किंवा दुर्बिणीने घसा तपासून घ्यावा.

घरात एकाचा घसा धरला असताना त्याचा पेला, चमचा आणि टॉवेल वेगळा ठेवावा, आणि ताप असेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. शिक्षक त्याबद्दल कधीच रागावत नाहीत. गिळताना दुखणे पूर्ण थांबले, की पहिले दोन दिवस वरण-बट्टी, दूध-भाकरी असे सौम्यच खावे, मग फोडणीचे सुरू करावे, आणि ठेचा त्यानंतर, तोही पहिल्या दिवशी दह्यात कालवून घ्यावा.